भूगोलाच्या बाईंचा शनिवार

चित्रकलेच्या मास्तरांनी चहाच्या विजेच्या किटलीची पिन प्रोजेक्टरच्याच बोर्डात खोचली आणि शाळेच्या सभागृहात अंधार झाला. पंखे थांबले. भिंतीवर उमटलेली ‘शिकवणाऱ्यानेही शिकत राहावे’ ही ओळ विझली. बाहेरून आलेल्या तरुण प्रशिक्षकाचं सारं ज्ञान त्या भिंतीवरच यायचं होतं. आता त्याच्या हातात नुसते रंगीत कागद उरले.

मिशनच्या तीन शाळांमधल्या शिक्षकांनी एकमेकांचे तास बघायचे आणि दर शनिवारी गटागटानं चर्चा करायची, असं वर्षभराचं प्रशिक्षण त्या दिवशी सुरू होत होतं. मोठी माणसं तिसरीच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसली होती. बाकावर बसलं की शिक्षकाचा विद्यार्थी व्हायला वेळ लागत नाही. मागच्या रांगेत शास्त्राच्या सरांनी डबासुद्धा उघडला होता.

मास्तरांच्या शेजारी भूगोलाच्या बाई होत्या. अंबाड्यात पेन, बोटांना खडू. नकाशावर नद्या अशा दाखवायच्या, जशा काही माहेरच्या गल्ल्या. शाळेत त्यांच्याइतकं दमलेलं कोणी नव्हतं, आणि त्याचा इतका कमी गवगवा करणारंही. मिस्टरांना अर्धांगवायू झाल्यापासून रात्रभर त्यांना कुशीवर वळवायचं, पाणी पाजायचं, आणि घंटेच्या आधी वर्गात हजर. शनिवारी दुपारी लेक वडलांपाशी येऊन बसे, तेवढीच बाईंची झोप. बाकीचे शिक्षक दुपारी सुटणार होते. गटप्रमुखाला मात्र चर्चेचं सगळं लिहून काढायला संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं.

“गटप्रमुख म्हणून माझं नाव निघालं तर तुम्ही जोरात खोका,” बाईंनी मास्तरांना बजावून ठेवलं होतं. “पुढचं मी बघते.”

“वीज येईपर्यंत डोळे मिटून शांतपणे प्रार्थना करू या,” मुख्याध्यापिका सिस्टर म्हणाल्या.

प्रार्थना लांबली. मास्तरांनी किटलीबद्दल देवाची मनापासून क्षमा मागितली. सिस्टरांची मागायची छाती नव्हती. तेवढ्यात शेजारून बारीक घुर्रघुर्र सुरू झाली.

“आमेन.”

सगळ्यांनी डोळे उघडले. बाईंनी नाही. हात जोडलेले, मान झुकलेली. सभागृह अदबीनं थांबलं. प्रशिक्षकानं पेनचं टोपणसुद्धा आवाज न करता लावलं. मास्तरांनी कोपरानं ढोसलं, तर बाईंनी मान दुसऱ्या खांद्यावर टाकली.

मग दिवे लागले, पंखे घरघरले आणि बाई दचकून उठल्या.

“काय ही तल्लीनता!” सिस्टर भारावून म्हणाल्या. “आपल्याला गटप्रमुख मिळाल्या.”

मास्तर खोकले. इतके खोकले की कोणीतरी पाणी आणून दिलं.

“सिस्टर, मी झोपले होते,” बाई म्हणाल्या.

“आणि वर केवढी नम्रता!”

“नम्रता कसली डोंबलाची? घोरत होते मी. या मास्तरांना विचारा.”

सगळी सभा मास्तरांकडे वळली. भिंतीवरच्या तसबिरीतला येशूही आपल्याकडेच बघतोय असं त्यांना वाटलं.

“घोरत होत्या,” मास्तर पुटपुटले. “म्हणजे... हळूच.”

सिस्टर बराच वेळ बाईंच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे बघत राहिल्या. रोज हजेरीच्या वेळी समोर असणारा तो चेहरा जणू त्यांना आज दिसला.

“बसा बाई,” त्या हलकेच म्हणाल्या. मग वळल्या. “आणि मास्तर, तुम्ही जागे होता तर?”

“अगदी टक्क जागा, सिस्टर!”

“उत्तम. गटप्रमुख तुम्ही.”

दुपारी सुटल्यावर मास्तरांनी बाईंना जिन्यात गाठलं. “बाई, तुमच्यापायी माझे वर्षाचे शनिवार गेले की हो!”

बाईंनी पर्स खांद्याला अडकवली आणि एक लांबलचक जांभई दिली.

“मग झोपायचं होतंत!”