आमी पन

आमच्या खाडीकाठच्या शाळेत एक कॉम्प्युटर होता, पण मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद. "पोरांनी बिघडवला तर?" एवढंच कारण. आम्ही पुठ्ठ्यावर काढलेल्या कीबोर्डवर बोटं बडवायचो. सरळ एबीसीडी सोडून क्यूपासून सुरुवात करायची कुणाला सुचली असेल, हे मी सरांना इतक्यांदा विचारलं की मला बघून ते रस्ता बदलायचे.

दहावी झाले आणि कळलं, अकरावीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा. म्हणजे नवीन पनवेलचं सायबर कॅफे गाठणं आलं. मला सायन्सच हवं होतं. तिथल्या काकांनी फॉर्म भरून दिला. पासवर्ड ही भानगड मी पहिल्यांदाच ऐकली, आणि तो आपला आपण ठरवायचा म्हटल्यावर जाम आवडली! "आमी पन," मी सांगितलं. आम्हीसुद्धा, या अर्थाने. काका हसले, इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. पडद्यावर नुसतेच ठिपके. "कुठे लिहू नकोस हं, डोक्यात ठेव." ठेवला की!

कॉलेजच्या फलकावर यादी लागली. सायन्सला नंबर लागला होता, पण त्याच दिवशी पाचच्या आत ऑनलाइन होकार द्यायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. आई मासळीबाजारातली पाटी शेजारणीच्या गळ्यात मारून माझ्याबरोबर आली. काकांच्या कॅफेला कुलूप! मग पुढच्या सेक्टरमधल्या कॅफेत बसलो. पासवर्ड टाकला, चूक. पुन्हा टाकला, चूक. सगळी अक्षरं मोठी करून टाकला, तरी चूक. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. शब्द जुळवत वाचलं: आणखी एकदा चुकलं तर खातं बंद. अहो, माझाच शब्द आणि मलाच आत घेईना!

"त्या काकाला काय सांगितलास तू?" आईने विचारलं.

"आमी पन."

आईने कॉम्प्युटरला कधी हात लावला नव्हता. पण पनवेलच्या गिऱ्हाइकांशी घासाघीस करण्यात तिची वीस वर्षं गेली होती. ती मान वाकडी करून, अगदी नाजूक आवाजात म्हणाली, "'आम्ही नेहमी तुमच्याकडूनच घेतो हो!' शेरातली मानसा अशी बोलतान. त्यानं त्याच्या तोंडानं लिवलाय, बाय. तुज्या नाय."

पन काय नि पण काय, इंग्रजीत दोन्ही सारखेच. राहिला फक्त 'ह'. मी मध्ये एच घातला.

उघडलं! होकाराचं बटण दाबलं तेव्हा सव्वाचार झाले होते. मी आईला तिथेच मिठी मारली. कॅफेवाला बघत होता, बघू दे.

रस्त्याला लागल्यावर आई म्हणाली, "कालेजात तुला पन तसाच बोलाया लागंल काय गो?"

"लागेल," मी म्हणाले.

आईने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, मी 'लागंल' म्हटलंच नव्हतं.