बाई आल्यात म्हणून सांग

संपात दादाची गिरणी बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष तो वाकोल्याच्या आमच्या खोलीत बसून होता. आधी झोप गेली, मग बोलणं कमी झालं. एके सकाळी आई नळावर गेली असताना त्याने आतून कडी लावली. खिडकीच्या फटीतून तो दिसत होता, भिंतीला पाठ लावून उभा. हातात नारळ सोलायचा कोयता. गिरणीची माणसं आपल्याला न्यायला आलीत, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

चाळीतले लोक म्हणाले, पोलिसांना बोलवा. पण शेजारची एक बाई म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात आया होती. ती म्हणाली, थांबा जरा, आमच्याकडे मनाच्या आजारांच्या वॉर्डात एक समाजसेविका आहेत, त्या येतात अशा वेळी. तिनेच निरोप धाडला.

समाजसेविका बाई दुपारी आल्या. चाळिशीच्या, सुती साडी, सोबत इस्पितळाचा एक मदतनीस, तोही साध्या बुशशर्टात. त्यांनी दार वाजवलं नाही. आईला विचारलं, "मावशी, आज जेवायला काय?" आई रडतच म्हणाली, "बिरडा करूचा होता, वाल सोलूचे रवले." बाई उंबऱ्याबाहेर पदर खोचून बसल्या, परात पुढ्यात ओढली आणि वाल सोलायला लागल्या. सोलता सोलता दाराशी बोलत राहिल्या. गाव कुठलं, गिरणीत कुठल्या खात्यात होतास, रात्री झोप लागते का. मदतनीसाने चाळीतल्या लोकांना गोडीत आपापल्या घरी पाठवलं.  तासाभराने दादा आतून म्हणाला, "तुम्ही गिरणीच्या आहात का?"

"नाही. मी आजारी माणसांची बाई आहे."

दोन तासांनी त्याने स्वतः दार उघडलं. त्या दिवशी कुणी कुणाला हात लावला नाही. दादा रिक्षात बसून त्यांच्याबरोबर गेला आणि आठ दिवसांनी गोळ्या घेऊन घरी आला. निघताना बाईंनी मला वॉर्डाचा फोन नंबर लिहून दिला होता. म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर पोलिसांकडे जायचं नाही. आजारी माणसापुढे दंडुका घेऊन उभं राहिलं तर तो आणखी घाबरतो. मला फोन कर. मी येईन."

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. अंधेरीला एका कारखान्यात बल्बच्या खोक्यांवर लेबलं चिकटवायचे. तो नंबर मी पाठ केला.

दादा बरा झाला. सात-आठ महिने चांगले गेले. मग मला बरं वाटतंय, आता कशाला, असं म्हणून त्याने गोळ्या सोडल्या. आम्हाला ते उशिरा कळलं. एका मंगळवारी माझी दुसरी पाळी होती म्हणून मी घरीच होते, आणि पुन्हा तेच झालं. कडी, कोयता, भिंत.

मी पळत वाण्याच्या दुकानात गेले आणि फोन लावला. बाई स्वतः फोनवर आल्या. सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मी निघते. मी येईपर्यंत दार उघडायला लावू नकोस. नुसती बोलत बस."

मी परत येऊन दाराशी बसले. "दादा, बाई येतायत."

"त्याच ना?"

"त्याच रे."

"बरं."

त्याचा आवाज खाली आला होता. आईनेही डोळे पुसले. तासाभराने गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. जिन्याने वर आले ते एक फौजदार आणि तीन हवालदार. मी उठून आडवी गेले. "तुम्हाला कोणी बोलावलं? आम्ही इस्पितळात फोन केलाय."

"इस्पितळातूनच आम्हाला फोन आलाय, ताई."

"मग बाई कुठायत?"

फौजदार वयाने मोठे होते, आवाज शांत. "खाली गाडीत आहेत. जिना चढवत नाही म्हणाल्या. तुम्ही त्याला सांगा, बाई आल्यात म्हणून. तुमच्या आवाजाने उघडेल. आम्ही बाजूला उभे राहतो."

खाली वाकून बघायला कठडा चार पावलांवर होता. मी गेले नाही. बाईंनी निघते म्हणून सांगितलं होतं, मग त्या आल्या असणारच, असंच मला वाटलं. मी दाराशी तोंड नेलं. "दादा, बाई आल्यात. कोयता ठेव आणि उघड."

आतून म्हणाला, "ठेवला. पोह्यांच्या डब्यावर ठेवलाय."

कडी निघाली. दार वीतभर उघडलं आणि हवालदारांनी ते पायाने आत लोटलं. दादाच्या हातात काही नव्हतं, हे मी ओरडून सांगितलं, तरी पहिली काठी त्याच्या मनगटावर बसली. त्याला पालथा पाडून दोरीने हात बांधले. आई मध्ये पडली. "मारू नको रे बाबा, तेका बरा नाय. खंय नेतास तेका?" एकाने तिला दंडाला धरून बाजूला केलं. दादा ओरडला नाही. जिन्यावरून नेताना त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या मागे खाली धावले. गाडीत ड्रायव्हर होता. बाकी कोणी नव्हतं.

कोर्टाचा कागद झाला आणि त्याला वेड्यांच्या इस्पितळात घातलं. चार महिन्यांसाठी.

तिसऱ्या दिवशी मी बाईंना गाठलं. त्या ओपीडीत कागद लावत होत्या. मला बघून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, गाडी दुसरीकडे गेली होती. मदतनीस रजेवर होता. हत्यार आहे म्हटल्यावर वरच्या साहेबांनी, एकटीने जायचं नाही, पोलिसांना कळवा, असं लिहूनच दिलं.

"मग तुम्ही का नाही आलात त्यांच्याबरोबर?"

"त्यांनी नेलं नाही. मी येत नाही हे तुम्हाला कळवा, असं मी त्यांना सांगितलं होतं."

"त्यांनी आम्हाला सांगितलं, तुम्ही गाडीत बसलायत."

त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "मी आलेच असते तरी कदाचित नसतं उघडलं त्याने."

"तुमच्या नावावरच उघडलं त्याने," मी म्हणाले.

त्यांनी पुढ्यातले कागद पुन्हा लावायला घेतले. मी निघाले. त्या वाईट नव्हत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यामुळेच जास्त लागलं. फौजदारांचा रागही मला तेवढा आला नाही. त्यांनी फसवलं ते एका अनोळखी मुलीला. बाईंनी शब्द दिला होता, आणि तो शब्द माझ्या तोंडून दादाच्या कानात गेला होता.

दादा घरी आला तेव्हा डोकं भादरलेलं होतं आणि उजवं मनगट वाकडं जुळलं होतं. जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशी मी डबा भरत होते तेव्हा मागे येऊन उभा राहिला.

"तुला ठाऊक होतं?"

"नाही रे. मला खरंच वाटलं त्या खाली आहेत."

"बघायचं होतंस ना."

पुन्हा तो त्यावर कधी बोलला नाही. पुढे त्याला दिंडोशीला एका वसाहतीत वॉचमनची नोकरी लागली आणि ती त्याने बरीच वर्षं नीट केली. त्याच्या गोळ्या मी घाटकोपरच्या दवाखान्यातून आणायचे. दोन बस बदलाव्या लागत, पण जवळच्या इस्पितळाची पायरी मला चढवत नव्हती. गोळी मात्र तो आईच्याच हातून घ्यायचा. मी पुढे केली तर म्हणायचा, "ठेव तिथे." मी फळीवर ठेवायचे, आणि आई आली की ती उचलून त्याला द्यायची.