मोडाच्या ज्वारीचं पीठ

निजामाचं राज्य गेलं, पण भाषणं करणारे कमी झाले नाहीत. माझी बहीण खटकचिंचोळीला दिली होती. तिथे आरोग्याचे एक साहेब आले, कमानीखालून चालले, हार घालून घेतले आणि ‘लेकरांना कच्चं काही देऊ नका’ एवढं बजावून गेले. का, ते त्यांनी सांगितलं नाही. हार काढायलाच वेळ लागला असावा.

त्या भागात लेकरांच्या आंबिलीत मोडाच्या ज्वारीचं पीठ घालतात. मोड आणायचे, सावलीत वाळवायचे, चोळून काढायचे, दाणे दळायचे. घट्ट शिजलेली आंबील बोट सोसेल इतकी निवली, की त्यात चिमूटभर पीठ टाकायचं. पाणी न घालता ती पातळ होते, आणि कस तेवढाच राहतो.

साहेब गेल्यावर बहिणीच्या सासूने ते पीठ तव्यावर लाल होईस्तोवर भाजून ठेवलं.

हगवणीने खंगलेल्या भाच्याला बघायला मी बीदरहून गेलो, तेव्हा आंबील खळीसारखी होती.

“अण्णा, घट्ट हाय म्हणून गिळंना,” बहीण म्हणाली. “पाणी घातलं तर नुसतं पाणीच व्हायलंय.”

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. सासूला म्हणालो, “अक्का, पिठात एन्झाइम असतं. बैलबाजारातल्या दलालासारखं. सौदा त्याच्याबिगरही झाला असता, पण तोवर बैल म्हातारा. हे आंबील घट्ट करणाऱ्या पिष्टाच्या लांब साखळ्या झपाट्यानं तोडतं, स्वतः संपत नाही, म्हणून चिमूट पुरते. पण फार तापवलं की त्याचा आकार मोडतो. मग ते मेलंच.”

“दलालीबी घेत न्हाई?”

“न्हाई.”

“मग कामून करतंय?” ती म्हणाली. “आन् कच्चं द्या म्हणायलाव, मास्तर असून?”

“आधी त्याला काम करू द्या, मग उकळा.”

तिने ऐकलं. पण गावात न भाजलेलं पीठ कुणाकडेच उरलं नव्हतं. साहेबांचं एवढं एकमताने कधी कुणी ऐकलं नसेल. नवी ज्वारी भिजत घातली. दुसऱ्याच्या कामाला इतका वेग देणारं हे एन्झाइम दाण्यात तयार व्हायला मात्र दिवस घेतं. आम्ही ओलं फडकं पुन्हा पुन्हा सोडून बघत राहिलो. पोर तोवर रडायचंही थांबलं होतं.

पीठ झालं त्या दुपारी आंबील डोळ्यांदेखत सैल झाली. बहीण हसली. उकळून, निववून तिने दोन चमचे पाजले. ते ओठांच्या कडेने परत आले. तिने पुन्हा चमचा भरला. तेवढ्यात सासूने पोराच्या छातीला हात लावला आणि पदर तोंडात कोंबला.

बहीण वाटी ढवळतच होती.

“अजून जरा पातळ होऊ दे, अण्णा,” ती म्हणाली. “मग गिळंल.”

उकळीत एन्झाइम मेलं होतं; आंबील आणखी पातळ होणार नव्हती.