पलीकडच्या दुकानापर्यंत

माझी सून नीलांबरी इकडे परदेशात, पापाकुरा नावाच्या गावात, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. बाई एका जागी बसून चहा पिताना मी कधी पाहिलेली नाही. ओट्याशी उभी, एका हातात कप, दुसऱ्या हातानं डबे सारखे करणं चालू. तिला बघून मलाच धाप लागते, पण पोरगी लाखात एक!

दुकानातलं एक औषध मात्र ती देत नाही. गर्भ राहू नये म्हणून बायका नंतर घेतात, ती गोळी. नीलूची दोन बाळं पोटातच गेली. मला एकदा म्हणाली, "बाबा, ही गोळी गर्भ पाडत नाही, हे मीच लोकांना समजावते. पण द्यायला हात पुढे होत नाही." इथल्या कायद्यात तशी मुभा आहे. दुसरीकडे मिळेल, एवढं सांगायचं, बस्स. तशी कुणी आली की नीलू आत हाक मारायची आणि तिची जोडीदारीण श्यामला पुढे यायची. दोन वर्षं बिनबोभाट चाललं.

मग २०१६चा तो रविवार. श्यामला तापानं घरी, दुकानात नीलू एकटी, आणि रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेला मी कोपऱ्यातल्या खुर्चीत. दुकान चारला बंद. पावणेचारला एक पोरगी आली. पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, अंगात सुपरमार्केटचा गणवेश. नाव नीलूनं मला आजवर सांगितलेलं नाही. हळू बोलत होती, पण अडचण कळली. गोळी घ्यायची मुदत त्याच रात्री संपत होती.

नीलूनं फोन फिरवले. जवळचं दुकान बंद. मनुकाऊतलं पाचपर्यंत उघडं, पण पोरीकडे गाडी नाही आणि बसला वेळ. पत्ता सांगून झाला, म्हणजे कायद्याचं काम संपलं. पोरगी दाराकडे वळली.

नीलूनं ड्रॉवर उघडला, लावला, परत उघडला. मग किल्ल्या उचलल्या. "थांब. दुकान बंद करते आणि गाडीनं सोडते तुला."

गाडीत मी मागे बसलो. पोरीनं विचारलं, "गोळी तर तुझ्याकडेच होती ना?"

"होती."

"मग?"

"मला नाही जमत."

"वीअर्ड," पोरगी म्हणाली. "पण लिफ्ट मिळाली. स्वीट ॲज." म्हणजे इकडच्या पोरांच्या भाषेत झकास.

मला बरं वाटलं, मी खिशातून शेंगदाण्याची चिक्की पुढे केली. पोरगी दचकली. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी!

"बाबा, कृपा करा, खिशातून काही काढू नका!"

मग मी गोष्ट काढली. "नीलू, आमच्या गावचा भिवा न्हावी..."

"बाबा, आत्ता?"

"आत्ताच. त्याचा पोरगा गेला, तेव्हापासून दहाव्याचं मुंडण करायला त्याचा वस्तरा उठेना. पण कुणी आलं की त्याला सायकलवर डबलसीट घेऊन पलीकडच्या गावी मेव्हण्याकडे पोचवायचा. लोक हसायचे, अरे भिवा, तेवढ्यात चार डोकी झाली असती!"

नीलू हसली नाही. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "आणि मेव्हणा घरी नसला तर?"

साठ वर्षं ही गोष्ट सांगतोय मी. हे कुणी विचारलं नव्हतं.

पाचला दहा कमी होते. मनुकाऊच्या दुकानाचे दिवे चालू होते. पोरगी आत पळाली. नीलूनं इंजिन बंद केलं नाही, दारावरची नजर काढली नाही. पोरगी बाहेर आली, अंगठा दाखवला, आणि नीलूनं इतका मोठा श्वास सोडला की काचेवर वाफ धरली. पोरीला घरी सोडून परतताना राउंडअबाउटला आमचा रस्ता चुकला, दोन फेऱ्या झाल्या.

सोमवारी तिनं मालकाला सांगून टाकलं, "रमण, मी दुकानात एकटी थांबणार नाही. कधीच नाही."

श्यामला कडाडली, "वा गं! मन तुझं आणि रविवार माझे?"

"शनिवार मी घेते. सगळे. शनिवारी रमण असतो, ती गोळी तो देईल."

तसंच चाललंय. रविवारी नीलू घरी असते. पावणेचार वाजले की कप ओट्यावर ठेवते आणि फोन लावते. "श्यामला, आहेस ना गं दुकानात?"