कपाळावर डोळा असलेली गाडी

"गाडी वापस घ्या साहेब. ही गाडी नाय, भानामती हाय."

रावसाहेबांनी किल्ली माझ्या टेबलावर आपटली. ते बिडकीनकडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. एमआयडीसीत जमीन गेली, त्यातच पडलेल्या दुष्काळात चाऱ्यावाचून मेंढरंही विकली, आणि दारात आमच्या शोरूमचं सगळ्यात वरचं मॉडेल आलं. पुढं धडक होणार असं दिसलं की आपणहून ब्रेक मारणारी गाडी. ती आता मोकळ्या रस्त्यातही ब्रेक मारत होती.

"काल सकाळी पैठण रोडला एकदम थांबली. मागं पाण्याचा टँकर, आत बायको-लेकरं. टँकरवाल्यानं वेळेवर दाबला म्हणून वाचलो."

मी वर्कशॉप मॅनेजर, कार्बोरेटरच्या जमान्यातला. तेव्हा इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावायचो आणि डॉक्टरसारखा चेहरा करायचो. आता गाडीला लॅपटॉप लावतो. चेहरा तोच ठेवलाय.

लॅपटॉप म्हणत होता, कॅमेऱ्याला मधूनमधून दिसत नाही. हा कॅमेरा काचेच्या आत, आरशामागं असतो. त्याला अर्धवट दिसलं, की समोरच्या उन्हात सावलीसुद्धा त्याला अडथळा वाटते. पहिल्या खेपेला मी कॅमेराच बदलला. दुसऱ्या खेपेला कॅलिब्रेशन केलं, म्हणजे 'समोर' कुठं आहे ते त्याला नव्यानं शिकवलं. दोन्ही वेळा वाळूज रोडला गाडी शहाण्यासारखी चालली. घरी गेली की पुन्हा तेच.

शोरूमचे मालक, आमचे सर, म्हणाले, "जाधव, उद्या संध्याकाळपर्यंत सांगा. दोष गाडीत की माणसात?"

"दोन्हीत नाही निघाला तर, सर?"

"मग तुमच्यात."

आमच्याकडं ठीक, त्यांच्याकडं बिघाड. म्हणजे तिकडं असं काहीतरी होत होतं जे इकडं होत नव्हतं. रावसाहेबांना म्हटलं, गाडी घरी न्या, पण जपून. सकाळी मी येईपर्यंत हलवू नका.

सकाळी पोचलो तर गाडी धुळीनं माखलेली. प्यायला पाणी नाही, गाडी कोण धुणार? रावसाहेबांचे वडील, आबा, पाटावर उभे. हातातल्या वाटीत तेलात कालवलेला भंडारा, म्हणजे खंडोबाची हळद. आबांनी काचेच्या वरच्या टोकाला, बरोबर मध्यावर, अंगठ्यानं ठसठशीत पट्टा ओढला. आतून तो आरशाआड लपतो. चालवणाऱ्याला दिसत नाही.

"आबा, हे रोज?"

"रोज. मेंढरं व्हती तवा म्होरक्याच्या कपाळाला लावायचो. आता हीच म्होरकी."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुष्काळामुळं आमच्याकडं पाण्याची धुलाई बंद होती. गेटवरच स्प्रे मारून काचा पुसायचे. म्हणजे गुन्हेगार प्रत्येक वेळी तोंड पुसून माझ्यापुढं येत होता!

मी सांगितलं आणि रावसाहेब भडकले. "आबा, तुमच्यापायी लेकरं मेली असती की!"

म्हाताऱ्याचा हात वाटीतच थांबला. चेहरा पार उतरला.

"त्यांना नका बोलू," मी मध्ये पडलो. "आबा, या गाडीला कपाळावर डोळा आहे. तुम्ही लावलं त्याच्या बरोबर मागं."

आबांनी काचेला हाताचा आडोसा करून आत बघितलं. मग माझ्याकडं वळले.

"मंग गाडी देताना सांगायचं नाय व्हय? जितराबाच्या डोळ्यात भंडारा कोण भरतंय?"

गाडी देताना रावसाहेबांना मी मोबाइलची गाणी गाडीत कशी वाजवायची तेवढं मन लावून शिकवलं होतं.

आबांनी धोतराच्या सोग्यानं काच पुसली. "कुठं लावू सांग."

आम्ही गाडीभोवती फिरलो.

"हितं?"

"नको, जाळीत रडार आहे. पुढच्या गाडीचं अंतर मोजतं."

"मंग हितं?"

"ते गोल ठिपके सेन्सर. वटवाघळासारखा आवाज सोडून भिंत ओळखतात."

"ह्यो आरसा?"

"त्याच्याखालीही कॅमेरा."

"लई डोळे की हिला!" आबा खूश झाले. "लांडगा येतोय कशाला जवळ!"

शेवटी बॉनेट सापडलं. तिथं नुसता पत्रा.

लगेच टेस्ट ड्राइव्हला निघालो. रावसाहेब चालवत होते, मी शेजारी, आबा मागं. समोर ऊन, तरी गाडी बिचकली नाही. एवढ्यात नव्या प्लॉटिंगमधून एक ट्रॅक्टर न बघता रस्त्यावर आला. रावसाहेबांचा पाय ब्रेकवर जायच्या आत गाडीनं आवाज केला आणि ती स्वतःच थांबली.

मागून आबा म्हणाले, "बघितलं तिनं."

माझी छाती अशी फुगली, जणू गाडी मीच बनवली होती. रावसाहेबांनी वापस घ्यायचा विषय काढलाच नाही.

हल्ली डिलिव्हरी देताना मी गाणी शेवटी ठेवतो. आधी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला बोलावतो, गाडीभोवती फिरवतो, एकेका डोळ्यावर बोट ठेवून दाखवतो. गाडी चालवतो एक आणि जपतो दुसराच. ओळख दोघांशीही करून द्यावी लागते.