प्लगवरचं कुंकू

परातीतलं पीठ अर्धंच मळून झालं होतं, तेवढ्यात निवृत्तीभाऊजी चुलीपाशी येऊन उभे राहिले.

"वहिनी, मेणावर कुंकू लावून द्या जरा."

"हात पिठात हायेत माह्ये. कोणाले लावू?"

"या प्लगाले. मी लावलं का पसरते."

हे माझे धाकटे दीर. चौथीत शाळा सोडून फिरत्या टाकीजसोबत गेले आणि तंबू लागेल तिथं यंत्रापाशी बसू लागले. पुढं टाकीज बंद पडली. मालकानं जुना अॅम्प्लिफायर यांच्या पदरात टाकला, तो घेऊन साखरखेर्ड्याला परत आले. जड लोखंडी पेटी, वर काचेचे व्हॉल्व्ह. ते तापून लाल झाले की मला धडकीच भरते. एकदा यंत्र बंद होतं म्हणून मी उघड्या पेटीतली धूळ झटकायला गेले, तर भाऊजी ओरडलेच, "हात नका लावू! बंद असला तरी पोटात करंट राह्यते त्याच्या." ते स्वतः आत उजवा हात घालतात तेव्हा डावा पाठीमागे धरून ठेवतात. दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो म्हणे. त्या पाठीमागच्या हाताकडे बघत मी नामस्मरण करत बसते.

ती पेटी सिनेमाच्या आवाजासाठी केलेली. माइक जोडला तर माणूस विहिरीतून बोलतोय असं वाटायचं. म्हणून यंदाच्या सप्ताहासाठी भाऊजींनी मोडक्या रेडिओचा वेगळा डबा बनवला. माइकचा बारीक आवाज आधी डब्यात वाढायचा, मग वायरीनं पेटीत जायचा. त्यासाठी पेटीच्या पाठीला भोक पाडलं. आवाज खणखणीत झाला. पण डब्याला एक खोड राहिली. त्याचा प्लग दोन पिनांचा, कसाही बसायचा. सुलटा घातला तर ठीक, उलटा घातला तर डबा, पेटी, माइक, सगळ्या लोखंडात वीज. कुंकवाची बाजू वर आली म्हणजे सुलटा, एवढीच खूण.

"अन् कोणी उलटा खुपसला तर?"

"मी हाय ना तिथं!"

मी हात धुतले, प्लगच्या एका बाजूला मेणाचं बोट ओढलं, वर कुंकू टेकवलं.

नैवेद्याचं ताट घेऊन मी मारुतीच्या देवळापुढं पोचले तेव्हा भाऊजी लिंबावर चढून भोंगा बांधत होते. खाली त्यांचा जोडीदार दयाराम यंत्रापाशी. यंत्राला झेंडूचा हार घातलेला. शेजारच्या केसरबाईंनी मला बघताच हातातलं पूजेचं ताट दाखवलं.

"तुह्या दिराच्या यंत्राची पूजा केली बाई म्या. सगळ्याले हळद-कुंकू लावलं, वायरीच्या डोक्यालेही सोडलं नाई."

"कोणत्या बाजूनं लावलं?"

"दोन्हीकून! देवाच्या कामाले काऊन कंजुशी करा?"

मी यंत्राकडं पाहिलं. डब्यातलेही व्हॉल्व्ह पेटलेले होते, म्हणजे प्लग घातलेला होता. आणि सासरे, उकंडराव, वीणा गळ्यात अडकवून माइककडं निघाले होते. सप्ताहाचा पहिला अभंग त्यांचाच. पाय अनवाणी, खाली सकाळीच सारवलेली ओली जमीन. त्यांनी माइक खाली ओढायला हात उचलला.

सासऱ्यांपुढं मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. पण ओरडले, "मामाजी, हात नका लावू! भाऊजी, प्लग!"

सगळे वळून बघू लागले. मामाजींचा हात माइकपासून वीतभर अंतरावर थांबला. भाऊजी घसरतच खाली आले, खिशातला टेस्टर काढून माइकला टेकवला. त्यातला दिवा लखकन् पेटला.

"दयाराम, कसा घातला बे तू?"

"कुंकू वर करून! तूच तं सांगितलं व्हतं." दयारामनं कुंकवाकडं बोट दाखवलं.

मामाजी हाताकडं बघत म्हणाले, "देवाले भेटाले निघालो हाय मी, पण इतकी घाई नोती रे."

एकदोघं हसले. मला हसू आलं नाही. भाऊजींनी प्लग उलटून घातला. टेस्टर पेटला नाही. तरी मामाजी म्हणाले, "आता तू धर." भाऊजींनी चपला काढल्या आणि त्या ओल्या जमिनीवर उभे राहून माइक मुठीत धरला. मी डोळे मिटून घेतले. भोंग्यातून "हॅलो" आलं तेव्हा उघडले.

"याले कायमचा इलाज हाय का?" मामाजींनी विचारलं.

"ट्रान्सफॉर्मर बसवला तर माइकात करंट येत नाई. मंग खूण नाई लागत."

"मंग तो आण. खुणेवर माणसं नाई टांगत आपण. तंवर बंद ठेव."

भाऊजींनी मान खाली घालून प्लग काढला. अभंग भोंग्याविनाच झाला. मागच्या ओळीत ऐकू आला नाही, पण मी पुढं सरकून मन लावून ऐकला.

उद्या सकाळच्या मोटारीनं भाऊजी चिखलीला ट्रान्सफॉर्मर आणायला जाणार आहेत.