ऑर्मरॉडबाईंच्या भिंतीवरचे खंड्या

विल्फ टॅटर्सलचे आजोबा ईनॉक हे मजूर होते, असे त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर लिहिले आहे. दाखला मृत्यूनंतरचा असल्यामुळे ईनॉकना तक्रार करायची सोय नव्हती. ती विल्फने केली.

विल्फ आमच्या गावात चाळीस वर्षे घरांच्या भिंतींना कागद लावत आला. त्याचे वडीलही तेच करत, आणि त्यांच्या सांगण्यानुसार आजोबाही. परंतु विल्फचा मेहुणा नॉर्मन ग्रिमशॉ गिरणीतून निवृत्त झाल्यावर कुळांचा शोध घेण्याच्या नादी लागला होता. चर्चच्या सभागृहात गावातल्या घराण्यांचे तक्ते लागणार होते. टॅटर्सलांच्या तक्त्यावर ईनॉकच्या नावाखाली नॉर्मनने ‘मजूर’ असे सुबक अक्षरात लिहिले आणि वर तो तक्ता विल्फला दाखवायलाही आणला.

विल्फने तक्ता पाहिला आणि तो म्हणाला, ‘मजूर’ खोड. नॉर्मन म्हणाला, पुरावा आण, खोडतो.

आता या धंद्यात पुरावा एकाच ठिकाणी असतो. कागद चढवण्याआधी कारागीर उघड्या गिलाव्यावर पेन्सिलीने आपले नाव, साल आणि घरमालकिणीबद्दलचे खरे मत लिहितो, आणि मग त्यावर खळ फासून कागद लावतो. मत तिथे सुरक्षित राहते. विल्फचे वडील नेहमी सांगत, की ऑर्मरॉडांच्या घरची पुढची खोली आजोबांनी केली आणि ती बघायला सगळी गल्ली लोटली होती.

त्या घरात आता तिथेच जन्मलेल्या, ऐंशीच्या घरातल्या ऑर्मरॉडबाई एकट्या राहत. विल्फने त्यांची पुढची खोली फुकट करून देण्याची तयारी दाखवली. फुकट म्हटल्यावर बाईंना आधी संशय आला, मग त्यांनी सगळ्यात महागडा गुलाबांचा कागद निवडला. पूर्वी कोण आले होते हे मात्र त्यांना आठवेना. सगळे पांढऱ्या डगल्यातले आणि सगळे चहा पिणारे, एवढेच त्या सांगू शकल्या.

सोमवारी विल्फने गरम पाणी मारून कागद खरवडायला सुरुवात केली. नॉर्मन खुर्ची टाकून पुराव्यावर लक्ष ठेवत बसला. पट्टे गेले, मग फुले गेली, मग एक तपकिरी थर गेला, त्याला नक्षी होती की नुसता धूर, ते ठरवता आले नाही. आणि दाराशेजारी गिलावा उघडा पडताच पेन्सिलीची अक्षरे दिसली. ‘ई. टॅटर्सल याने कागद लावला. मे १९२१. पाऊस. बाई चहा देते, बिस्किट देत नाही.’

विल्फने फडके काढून नाक पुसले आणि मग त्याच फडक्याने भिंत.

“वाच,” तो म्हणाला.

नॉर्मनने चष्मा लावून दोनदा वाचले. पेन काढायला त्याने खिशात हात घातला आणि तो तसाच राहिला. शेकोटीच्या बाजूच्या कोनाड्यात अगदी तळाचा, म्हणजे ईनॉकचा कागद अजून शाबूत होता. त्यावर निळे खंड्या पक्षी होते. सगळ्यांची डोकी खाली आणि शेपट्या छताकडे.

“विल्फ, हे पक्षी उलटे आहेत.”

विल्फ जवळ गेला. त्याने दोन पट्ट्यांच्या सांध्यावर बोट फिरवले. एका पट्टीवरची चोच दुसऱ्या पट्टीवरच्या चोचीला केसभरही चुकत नव्हती. या कामात पहिली पट्टी उलटी लागली की पुढच्या सगळ्या तिच्याशीच जुळवाव्या लागतात. कारागीर जितका चांगला, तितकी चूक खोलीभर बिनचूक होत जाते. विल्फने हे समजावून सांगितले. नॉर्मनने ऐकून घेतले आणि विचारले, की मग पहिली पट्टी कोणी लावली? बादल्या उचलायला आणलेल्या माणसाने शिडीवर चढून स्वतःच कागद लावून बघितला असेल. मजूरच.

विल्फ शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. त्याचा चेहरा बघून नॉर्मनलाही आपण जिंकल्याचे फारसे बरे वाटले नाही.

तेवढ्यात ऑर्मरॉडबाई चहा घेऊन आल्या आणि कोनाड्यापुढे थांबल्या.

“अगबाई, आईचे सूर मारणारे खंड्या.”

“सूर मारणारे?” नॉर्मनने विचारले.

मग बाईंना सगळे आठवले. शेवटची पट्टी लागल्यावर आईच्या लक्षात आले आणि तिने त्या माणसाला हाक मारली. तो शिडीवरून उतरला, लांब जाऊन मान तिरपी करून उभा राहिला.

“आई म्हणाली, अहो, हे डोक्यावर उभे आहेत. तर तो म्हणतो, बाई, खंड्या मासे धरतो तो काय बसून धरतो? बसलेले कोणीही लावून देईल. सूर मारणारे लावायला पहिल्या पट्टीपासून हिशेब लागतो.”

आईला ते पटले. तिने गल्लीला बोलावून दाखवले. गल्लीतल्या हार्टलीबाई तर इतक्या जळल्या, की त्यांनी पुढच्याच आठवड्यात त्याला बोलावून आपल्याकडेही सूर मारणारेच लावून घेतले.

“म्हणजे तिथे त्याने मुद्दाम उलटे लावले?” नॉर्मनने विचारले.

“आणि त्यांना बजावलं, की कोणी आलं तर आधी सांगा, हे अवघड काम आहे.”

नॉर्मनने गुडघ्यावर तक्ता पसरला आणि ‘मजूर’ खोडले.

“मजुराला हे जमलं नसतं,” तो म्हणाला आणि वर ‘कागद लावणारा’ असे लिहिले.

“त्याआधी ‘कुशल’ लिही,” विल्फ म्हणाला.

“पक्षी बघ आणि मग सांग.”

विल्फने पक्षी पाहिले. मग म्हणाला, असू दे, आहे तेच पुष्कळ आहे.